अठरा ब्रोच आणि वाटीभर रांगोळी

पुरुषानं ब्रोच जमवायचं ठरवलं, तर पहिली अडचण अशी येते की ते बायकांच्या खांद्यावर असतात. पोस्टाची तिकिटं जमवणारा पाकिटाकडे बघतो, जुनी नाणी जमवणारा जमिनीकडे बघतो. त्यांना कुणी काही म्हणत नाही. लढाईच्या त्या वर्षांत मी साताऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, आणि नजर सदैव समोरच्या बाईच्या डाव्या खांद्यावर. हे गावाच्या ध्यानात यायला दोन महिने पुरले.

पाचवारी पातळ नेसायचं, डाव्या खांद्यावर पदराच्या चुण्या बसवायच्या आणि त्यांवर ब्रोच टोचायचा, ही तेव्हा नवी तऱ्हा होती. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली एवढ्यांपुरतीच ती होती. बहुतेकींचे ब्रोच बाजारातले असत. मोर, कमळ, फुलपाखरू, आणि त्यांत लालहिरव्या काचेचे खडे. मला त्यांत काही गोडी नव्हती, आणि एरवी मी आयुष्यभर सभ्य माणूस म्हणून वावरलो असतो. पण आमच्या शाळेत भूगोलाच्या एक नव्या बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या खांद्यावर मला कडुलिंबाचं एक चांदीचं पान दिसलं. नुसतं पान नव्हे. किडीनं कडेला खाल्लेलं पान. भोकं होती, एक शीर अर्धवट तुटलेली होती. मधल्या सुट्टीत मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“हा कुणाचा?”

“माझा,” बाई म्हणाल्या.

“ते झालं. केला कुणी?”

“सांगलीत एक सोनार आहेत. का?”

“जरा काढून दाखवता?”

बाई उठल्या आणि शिक्षकांच्या खोलीतून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला आणि विचारलं, “तुम्ही त्या बाईंना नक्की काय काढायला सांगितलंत?” खुलासा करताना मी फळ्यावर ब्रोचचं चित्र काढून दाखवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. बाईंनी मात्र नंतर वर्षभर माझ्याशी बोलताना पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

पुढच्या रविवारी मी सांगलीची मोटार धरली. पेट्रोल लष्कराकडे गेलेलं, त्यामुळे मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असे आणि तिच्या गॅसवर ती चाले. चाले म्हणजे सपाटीला. चढ आला की उतारूंनी खाली उतरून मागून रेटायची, आणि मागे भट्टी. सांगलीत उतरलो तेव्हा माझा सदरा, टोपी आणि चेहरा एकाच रंगाचे झाले होते. हळदीच्या वखारींच्या मागच्या बोळात ते दुकान सापडलं. दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर एक शेगडी, आणि शेगडीमागे पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“कोळसा नगं आज. कालच घेतलाय.”

मी चित्रकलेचा मास्तर आहे, साताऱ्याहून आलोय, कडुलिंबाचं पान बघून आलोय, असं सगळं सांगितलं. ते पान म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा हलला.

“त्या बाईस्नी आवडली व्हय पिन?”

“त्यांचं माहीत नाही. मला आवडली.”

“तुमी पदर घेता का, मास्तर?” असं म्हणून ते खो-खो हसले.

मी त्यांना मामा म्हणू लागलो. ते मूळचे जतकडचे. वडील मेंढपाळांच्या बायकांसाठी जोडवी आणि कंबरेच्या साखळ्या करत. मामांना राग आला की ते कानडीत बोलत आणि मजा वाटली की मराठीत, त्यामुळे माझ्या वाट्याला त्यांची चांगली बाजू जास्त आली. चांदीचा पातळ पत्रा राळेच्या गोळ्यावर चिकटवायचा आणि बारीक छिन्न्यांनी ठोकत, कोरत न्यायचा, ही त्यांची रीत. आणि आठवड्यात जे डोळ्यांसमोर आलं असेल ते पत्र्यावर उतरे. अर्धा चिरलेला कांदा. पाखरांनी खाल्लेलं ज्वारीचं कणीस. ओलं हळकुंड, मातीसकट. कातरलेल्या मेंढीची पाठ, तिच्यावर कात्रीचे वळ. एक केली की पुन्हा तशी करायची नाही.

मी एकदा विचारलं, “मामा, हा कांदा आणखी एक कराल का?”

“का? ह्यो नासला?”

“नाही, पण सुंदर आहे म्हणून.”

“मग बघा की एवढाच. दोन कांद्यांची काय भाजी करायचीय तुमास्नी?”

गिऱ्हाईक त्यांना फारसं नव्हतं. बायका यायच्या त्या मोर मागायच्या. मामा म्हणायचे, मोर सांगलीत मी अजून बघितला नाही, बघितला की करतो. बायका समोरच्या दुकानात जात. त्यामुळे हळूहळू त्यांचं मुख्य गिऱ्हाईक मीच झालो, आणि चांदीसाठी मी माझ्या मुंजीत आलेली भांडी एकेक करून त्यांच्या मुशीत घालू लागलो. आधी वाटी गेली, मग पेला, मग फुलपात्र. मी राहायला होतो माझ्या थोरल्या बहिणीकडे. मेहुणे लष्करात कारकून म्हणून लांब गेलेले. फुलपात्र गेल्यावर ताईनं मला समोर बसवलं.

“मुंजीतलं फुलपात्र वितळवून तू बायकांची पिन केलीस?”

“हो.”

“घालणार कोण?”

“घालायची नाही ताई, ती बघायची वस्तू आहे.”

“मग बघायला बायको आण. पिन तिच्या खांद्यावर लावू. एका जागी दोन्ही बघ.”

ताईचं आणखी एक गाऱ्हाणं होतं आणि ते मात्र मला मनातून पटत असे. मामांकडून आलेला प्रत्येक ब्रोच काळपट असे. चांदी लखलखत नसे. खोलगट जागी काळं, रेघांत काळं, वरचा उंचवटा तेवढा उजळ. ताई म्हणे, “चांदी म्हणून आणतोस आणि लोखंड वाटतं.” मला वाटे, दिवसभर शेगडी पेटलेली, हात कोळशाचे, डोळे अधू, बिचाऱ्यांना घासूनपुसून द्यायला सवड होत नसणार. कलावंताला हे तोंडावर सांगू नये, एवढी सभ्यता माझ्या अंगी होती. तीन वर्षं मी ती पाळली. आणि त्याच तीन वर्षांत, त्याच ब्रोचांवर, मी शाळेत मुलांना छाया-प्रकाशाचे धडे दिले. “बघा, हा कांदा सपाट पत्र्यावर आहे, तरी पाकळ्या एकीमागे एक दिसतात! ही कारागिराच्या हाताची किमया!” मुलं बघत. छाया आली कुठून, हे ना मुलांनी विचारलं, ना मला सुचलं.

सगळ्यांत चांगला होता तो एक चौकोनी ब्रोच, अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा. मामांच्या गावचं आटलेलं तळं. तळाला पडलेल्या भेगा, भेगांच्या मधे वर आलेले चिखलाचे पापुद्रे, आणि एका कोपऱ्यात मेंढीच्या खुराचा एकच ठसा. पाणी शोधत आलेली मेंढी तिथून परत फिरली असावी. तो हातात घेतला की मला घशाला कोरड पडल्यासारखं होई. असे एकूण अठरा ब्रोच माझ्या रंगांच्या लाकडी पेटीत कापसावर निजलेले होते.

लढाई संपली त्या पावसाळ्यानंतर मी सांगलीला गेलो तेव्हा मामा हात गुडघ्यावर ठेवून नुसते बसले होते. शेगडी विझलेली.

“हुपरीला माझा मेव्हणा हाय,” ते म्हणाले. “पैंजणाच्या कड्या जोडायला माणूस पायजे त्याला. तीनदा सांगावा आला. आता दिवाळीपातूर बघतो, मग दुकानाला कुलूप.”

“आणि पिना?”

“कड्या जोडणाऱ्याला पिना कशाला?”

हुपरीला घरोघरी चांदीचंच काम चालतं, एवढं मला ठाऊक होतं. दिवसभर एकाच मापाच्या कड्या, त्यांच्या सांध्यांवर डाखाचे एकाच मापाचे थेंब. मी म्हणालो, काहीतरी होईल. हे वाक्य बोलायला काही लागत नाही, म्हणून मी ते अनेकदा बोललेलो आहे.

पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी वळणदार अक्षरात. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सांगलीला विश्रामबागेत उद्योगधंद्यांचं प्रदर्शन भरणार आहे. मुंबईहून एक बाई येणार आहेत, त्यांचं तिकडे नव्या धर्तीच्या दागिन्यांचं दुकान आहे, आणि त्या एखाद्या कारागिराला कायमचं काम देणार आहेत. ‘मी केलेला माल सगळा आपणाकडे आहे. माझ्याकडे दाखवायला एकही पिन नाही. तरी पेटी घेऊन जरूर यावे. यावर सर्व अवलंबून आहे.’ शेवटच्या ओळीखाली रेघ होती. ती रेघ मामांनी स्वतः ओढली असावी. फार नाजूक होती.

मी ते कार्ड ताईला वाचून दाखवलं. भूगोलाच्या बाईंचं ते पान सोडलं, तर सबंध सांगलीत, साताऱ्यात, जगात त्या माणसाचं काम फक्त माझ्यापाशी होतं आणि त्याचं दुकान राहणार की जाणार हे माझ्या पेटीवर ठरणार होतं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी मोठा झालो की काहीतरी फुटतं किंवा सांडतं, हा घरातला अनुभव होता. ताईनं पाण्याचा तांब्या माझ्याजवळून उचलून लांब ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताईनं देवघरातली सगळी चांदी रांगोळीनं घासून अंगणात उन्हाला मांडली होती. निरांजनं, पळी-पंचपात्र, अत्तरदाणी. बघवत नव्हतं इतकं लखलखत होतं. मी शेजारी माझी पेटी उघडली. माझे अठरा ब्रोच त्या चांदीच्या शेजारी शेणी थापल्यासारखे दिसले.

“हे असलंच मांडणार तिथं?” ताई म्हणाली. “सणासुदीला? लोक म्हणतील, साताऱ्यात रांगोळी मिळत नाही.”

पुढे जे झालं त्यात ताईचा हात नाही. तिनं नंतर माझ्याकडून तसं लिहून मागितलं होतं, म्हणून इथे नमूद करतो. आधी मी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक मोठं पातेलं घेतलं, त्यात पाणी, रिठे आणि मूठभर धुण्याचा सोडा टाकला आणि अठराही ब्रोच उकळायला ठेवले. थोड्या वेळात असा काही वास सुटला की ताई पदर नाकाला लावून बाहेर आली.

“माझ्या स्वयंपाकघरात अंडी उकडतोयस? दसऱ्याच्या तोंडावर?”

“ब्रोच उकडतोय!”

“मग ते अंड्याचे आहेत!”

मी पातेलं परसात नेलं. काळं झरझर सुटत होतं. मला वाटलं, किती हा मळ, तीन वर्षांचा! मग वाटीभर रांगोळी घेतली, थोडा काथ्या आणि दाताचा एक जुना ब्रश, आणि दुपारभर बसून एकेक ब्रोच घासला. जोर लावून घासला. तळ्याच्या भेगांत थोडं काळं अडकून बसलं होतं, ते ताईच्या शिवणाच्या सुईनं कोरून काढलं आणि भेगांतून रांगोळी फिरवली. खुराचा ठसा स्वच्छ करायलाच मला अर्धा तास लागला. संध्याकाळी सगळे ब्रोच ओळीनं मांडले. ते देवघरातल्या चांदीपेक्षा तसूभर जास्तच चमकत होते. ताई वाकून बघत म्हणाली, “आता कशी चांदी वाटते!” तीन वर्षांत तिनं माझ्या संग्रहाबद्दल काढलेला तो पहिला चांगला उद्गार. शेवटचाही तोच.

विश्रामबागेत मोठा मांडव घातला होता. एकीकडे तेलाची इंजिनं आणि उसाचे चरक, दुसरीकडे गूळ, भरतकाम आणि लोणची. मामांना लोणची आणि भरतकाम यांच्या मधे एक टेबल मिळालं होतं. त्यांनी दाढी केली होती, कुणाचा तरी मोठ्या मापाचा कोट घातला होता आणि टेबलावर काळ्या कापडाचा तुकडा पसरून ते माझी वाट बघत होते. मी पेटी पुढे ठेवली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिलो. मला कौतुक व्हायचं होतं.

मामांनी झाकण उघडलं. एक ब्रोच उचलला, उलटा केला, मागची टाचणी बघितली. ठेवला. दुसरा उचलला.

“मास्तर, ह्या कुणाच्या?”

“कुणाच्या म्हणजे? तुमच्याच.”

“टाचण्या माझ्या हायत,” मामा म्हणाले. “फुडं काय हाय ते माझं न्हाई.”

मग त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. रिठ्या-सोड्यानं बोटांची सालं अजून निघत होती.

“घासल्या?”

“थोड्या.”

“कशानं?”

“रांगोळीनं. आणि सोड्याचं पाणी. उकळून. म्हणजे, मामा, किती काळ्या झाल्या होत्या, म्हटलं पाहुण्यांपुढे...”

“काळं मी घातलं हुतं, मास्तर.” ते अगदी हळू बोलले. “गंधक देऊन, निखाऱ्यावर धरून. पिन कोराया दोन दिवस लागत्यात. काळं बसवाया चार.”

एवढं मराठीत बोलून ते कानडीत गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. शेजारच्या लोणच्यांच्या टेबलावरच्या बाईंना कानडी येत असावं, कारण त्यांनी आपल्या मुलीला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं.

मी तोवर टेबलाकडे बघत होतो. कांद्याच्या पाकळ्या एकमेकींत मिसळून तिथे एक चकचकीत थेंब झाला होता. कणसाचे खाल्लेले दाणे आणि राहिलेले दाणे सारखेच चमकत होते. आणि तळ्याच्या भेगांत पांढरी रांगोळी घट्ट बसली होती, वाळून पत्र्याच्या पातळीला आलेली. तळं म्हणून काही उरलं नव्हतं. चहात बुडवायला बरा असा एक चौकोन होता.

“बाई कवा येणार हायती?” मामांनी बिल्ला लावलेल्या एका स्वयंसेवकाला विचारलं.

“तासाभरात.”

मामा माझ्याकडे वळले. “गंधक. पळा.”

मी पळालो. काष्ठौषधींच्या दुकानदारानं शांतपणे पुडी बांधायला घेतली आणि विचारलं, “खरूज झालीय? घरात किती जणांना?”

“अठरा,” मी धापा टाकत म्हणालो. त्यानं पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला सांगितले.

परत आलो तोवर मामांनी चहावाल्याकडून एक लहान शेगडी मिळवली होती. टेबलामागे उकिडवे बसून आम्ही पहिला कांदा धुरावर धरला. काळं चढायला लागलं तेही एकाच बाजूला, कारण घाईत मी तो तिरका धरला होता. आणि गंधकाचा धूर तर मांडवात पसरलाच. भरतकामाच्या मुली खोकायला लागल्या. इंजिनवाल्यांना वाटलं त्यांचं काहीतरी जळतंय. ते इंजिन बंद करून धावले. बिल्लावाला स्वयंसेवक लोट्यानं पाणी घेऊन आला आणि त्यानं शेगडी विझवली.

“अहो, पाहुण्या दारात आल्यात आणि तुम्ही इथं ढेकूण मारताय?”

बाई खरंच आल्या. पन्नाशीच्या, पांढरं पातळ, केस आखूड कापलेले, आणि अंगावर दागिना म्हणून एक घड्याळ. त्या लोणच्यांपाशी थांबल्या, मग आमच्या टेबलावरून नजर फिरवून पुढे गेल्या. मामांनी डोळे मिटून घेतले. चार पावलं गेल्यावर बाई परत फिरल्या आणि त्यांनी तळं उचललं.

“हे काय आहे?”

मी तोंड उघडलं. माझ्या पायावर मामांचा पाय पडला.

“चौकोन,” मामा म्हणाले.

“नुसता चौकोन?”

“व्हय.”

“आणि हे?” बाईंनी कणीस उचललं.

“लांबडं हाय.”

बाई कितीतरी वेळ तो चौकोन तळहातावर घेऊन उभ्या होत्या. “मुंबईत मला जो तो मोर आणून दाखवतो,” त्या म्हणाल्या. “काही न काढायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं.” मग त्यांनी तो अर्धा काळा कांदा बोटानं बाजूला सारला. “हा खराब झालेला दिसतो. तो असू दे. पण असे चौकोन तुम्ही तीन डझन कराल? आवडले तर पुढे कायम घेईन.”

“बाई,” मी म्हणालो, “तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. तो चौकोन नाहीये, ते एक—”

“मास्तर, बाईंसाठी चा सांगा,” मामा म्हणाले. यावेळी पाय जोरात पडला.

“पण सगळे अगदी एकसारखे हवेत हं,” बाई म्हणाल्या. “एक दुसऱ्यातून ओळखू येता कामा नये.”

“एकसारखे?”

“अगदी.”

कोटाच्या लांब बाह्यांतून बाहेर आलेली बोटं मामांनी काळ्या कापडावर टेकली आणि ते कापडाची चुणी सरळ करत राहिले. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, आता ते नाही म्हणणार. आणि खरं सांगायचं तर, त्यांनी नाही म्हणावं असंच मला वाटत होतं. माझं काय जात होतं?

“करतो,” मामा म्हणाले.

बाईंनी चौकोन नमुना म्हणून रुमालात बांधून घेतला आणि त्या गुळाकडे गेल्या. मी चहा घेऊन आलो तेव्हा मामा कोट काढून त्याची घडी घालत होते.

“मामा, मी त्यांना गाठून खरं सांगतो. त्या समजूतदार दिसतात. तुमचं खरं काम काय आहे हे त्यांना—”

“सांगा की. आन्‌ त्यांनी चौकोन नगं म्हटल्यावं हुपरीला माझ्या जोडीनं याल का कड्या जोडाया?”

मामांनी माझ्या हातातून चहा घेतला आणि बाईंसाठी आणलेला कपही त्यांनीच प्याला.

त्यानंतर मी संक्रांत होऊन गेल्यावर सांगलीला गेलो. मधले महिने मी कामात होतो असं मी लोकांना सांगत असे. पेटीत सतरा ब्रोच होते. बोळात शिरलो तर ठाकठूक लांबूनच ऐकू येत होती. ओट्यावर दोन शेगड्या होत्या, आणि दुसरीच्या मागे एक जाडजूड गृहस्थ बसले होते. हुपरीचा मेव्हणा. मामांनी तिकडे जायच्याऐवजी तेच इकडे आले होते. तीन डझन चौकोन मुंबईला गेले होते, मग आणखी सहा डझन मागवले गेले होते. एक पोलादी ठसा केला होता; पत्रा ठेवायचा, वर हातोडा मारायचा, चौकोन पडला. मेव्हणे मारत होते, मामा मागे टाचणी जोडत होते.

“या मास्तर,” मामा म्हणाले. रागावल्यासारखे दिसत नव्हते. चष्म्याला नवी काडी आली होती.

मी पेटी पुढे केली. “मामा, ह्यांना परत काळं बसवाल?”

त्यांनी हात पुसले आणि एकेक ब्रोच उजेडात तिरका धरून पाहिला. फार वेळ लावला नाही त्यांनी. कांद्यावरून अंगठा फिरवला, मेंढीच्या पाठीवरून फिरवला.

“रेघ ऱ्हायली तर काळं धरतंय. तुमी रेघाच पुसल्या. लय जोर लावलासा.”

“एकही नाही?”

“तळं झालं असतं. भेगा खोल हुत्या त्येच्या.” तळं मुंबईला एका कपाटात नमुना म्हणून पडलेलं होतं. “त्ये काय आता मागता येत न्हाई. तेच्यावरच दुकान चाललंय.”

मी ब्रोच परत कापसावर ओळीनं ठेवले. मग विचारलं, “आणि नवीन एखादी? फुरसतीनं? या आठवड्यात काही बघितलं असेल तुम्ही.”

मामांनी समोरच्या परातीकडे मान केली. परातीत चौकोन होते, शिगोशीग भरलेले. “ह्येच बघतोय की सकाळधरनं.”

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. टाचणी चिमट्यात धरून ते पुढच्या चौकोनाकडे वळले. मी पेटीचं झाकण लावलं आणि उठायला लागलो, तर मेव्हणे म्हणाले, “दाजी, घासायला मानूस न्हाई आज. सांजच्या गाडीला माल घालायचाय.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमची मोटार किती वाजता?”

“पाचला.”

“मग बसा. त्यो ब्रश घ्या.”

मी बाह्या वर केल्या आणि परातीपाशी मांडी घालून बसलो. ओली रांगोळी वाटीत तयारच होती. तीन-चार चौकोन घासून झाल्यावर मेव्हण्यांनी त्यांतला एक उचलला, उन्हात धरला आणि मान डोलावली.

“हात बरा हाय हो. कुटं शिकलासा?”

मी काही बोलायच्या आत मामा खाली बघतच म्हणाले, “माझ्याच मालावर,” आणि त्यांनी आणखी दहा-बारा चौकोन माझ्याकडे सरकवले.